खवलेमास्तरांचा आभाळपट

एका जंगलात, मुलांनो, एक खवले मांजर राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. तिथल्या राजाला ते आवडणार नाही.

या खवले मांजराला सगळे खवलेमास्तर म्हणत. नाव मांजराचं होतं, पण स्वभाव शाळामास्तराचा. अंगावर खवले, नाकावर चष्मा आणि काखेत नियमांची वही.

मास्तरांनी स्वतःच्या डोक्यातून एक खेळ काढला होता. त्याचं नाव आभाळपट. जांभळाच्या झाडाखाली एक सपाट दगड होता. त्यावर मास्तरांनी आपल्या जंगलाचा नकाशा कोरला होता. ओढा, माळ, वडाचं झाड, सगळं जिथल्या तिथे. त्यावर मधाच्या पोळ्यात असतात तशी सहा कोनांची घरं आखली होती.

एकाने गरुडांकडून खेळायचं, दुसऱ्याने जंगलाकडून. गरुड म्हणजे लाल गुंजा. जंगलाकडे दोन तऱ्हेच्या सोंगट्या. साळिंदरं, म्हणजे आभाळात काटे सोडणारी. आणि वटवाघळं, म्हणजे ओरडून आभाळात कोणी आलंय का ते ओळखणारी.

"साळिंदर कुठे काटे सोडतं?" असं तुमच्यातलं एखादं हुशार मूल विचारेल. या जंगलातली सोडत. पुढे ऐका.

वटवाघूळ ओरडलं की आवाज वर जायचा, कशावर तरी आपटून परत यायचा. वर काहीतरी आहे, एवढं कळायचं. पण वटवाघूळ कुठे लटकलंय, हे वरच्या गरुडालाही त्याच आवाजावरून कळायचं. म्हणून दर खेपेला ठरवायचं, ओरडायचं की गप्प बसायचं. साळिंदराकडे काटे चारच फैरींपुरते. ते संपले की नवे उगवायला पंधरा दिवस. बाकीचं सगळं फाशाच्या मर्जीवर.

मास्तरांशी खेळायला रोज दुपारी झेपा यायची. ही कोतवाल पक्ष्यांतली. काळी कुळकुळीत, मुठीत मावेल एवढी, शेपटी मधोमध दुभंगलेली. कोतवाल पक्षी कावळ्याला भीत नाहीत, घारीला भीत नाहीत. झेपा तर आपल्या नवऱ्यालाही भीत नसे.

ती नेहमी गरुडांकडून खेळायची.

"तुला राग नाही येत का गं त्यांचा?" मास्तरांनी एकदा विचारलं. "गेल्या साली त्यांनी तुझं घरटं मोडलं."

"राग यायचा. पण त्यांच्यासारखा विचार करायला लागले तसा तो गेला," झेपा म्हणाली. "आता नुसतं कळतं, की ते काय करतील."

दहातले नऊ डाव तीच जिंकायची. हरल्यावर मास्तर वही उघडून आपण नेमके कुठल्या नियमाने हरलो ते शोधत. सापडलं की खूश होत. असे ते होते.

आता मुलांनो, त्या जंगलाला खरे गरुड शेजारी होते. पलीकडच्या कड्यावर त्यांची वस्ती होती आणि उत्तुंगाबाई नावाची त्यांची राणी होती. तिचा डोळा होता माळावर. माळावर ससे चरत. दोनेकशे ससे, सगळे गोल गरगरीत.

जंगलाचा राजा होता एक गवा. त्याला गवेराज म्हणत. आणि सेनापती होता रानडुक्कर, मुसंडीराव. मुसंडीरावांनी माळाभोवती बारा साळिंदरं बसवली, वडावर सहा वटवाघळं टांगली आणि त्या सगळ्याला नाव दिलं काटेकवच.

"महाराज, काटेकवच अभेद्य आहे," ते दरबारात म्हणाले.

"अभेद्य म्हणजे?" गवेराजांनी विचारलं.

"म्हणजे भेदता येत नाही."

"ते कशावरून?"

"नावावरून, महाराज."

गवेराज संथ होते, पण अगदीच बिनडोक नव्हते. त्यांनी थोडा वेळ रवंथ केला. मग म्हणाले, "त्या खवलेमास्तरांकडे म्हणे असला एक खेळ आहे. आधी त्यावर खेळून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा दरबार जांभळाखाली जमला. मास्तर फासा पुन्हा पुन्हा पुसत होते. भीतीने नव्हे, आनंदाने. आजवर त्यांच्या पटाकडे कोणी वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं आणि आज हरणं मान उंच करून बघत होती.

जंगलाकडून मुसंडीराव बसले. गरुडांकडून झेपा. तिने पटाच्या कडेला बेहड्याची वीस टरफलं पालथी मांडली.

"या टरफलांखाली काय आहे?" मुसंडीरावांनी विचारलं.

"ते काटा लागल्यावरच कळतं," मास्तर म्हणाले. "नियम एक्केचाळीस."

झेपाने चार टरफलं पुढे सरकवली.

"वटवाघळं ओरडवा!" मुसंडीराव गरजले.

मास्तरांनी फासा टाकला. "वर काहीतरी आहे."

"फैर!"

मुसंडीरावांना फैर हा शब्द फार आवडायचा. बाराही साळिंदरांनी काटे सोडले. फासा पडला पाच. चारही टरफलं पडली. दरबाराने शेपट्या आपटल्या. मास्तरांनी टरफलं उलटी केली. प्रत्येकाखाली पानाचा एकेक तुकडा होता.

"हे काय?"

"वाळलेली पानं," झेपा म्हणाली. "गरुड वरून सोडतात. काही खर्च नाही."

"पुढे चला," मुसंडीराव म्हणाले.

झेपाने आणखी पाच सरकवली. वटवाघळं ओरडली. फैर! पानं. आणखी पाच. फैर! पुन्हा पानं. मुसंडीरावांच्या सुळ्यांना घाम फुटला. पण चौथ्या खेपेलाही आभाळात काहीतरी होतंच आणि काहीतरी असलं की त्यांना फैरीशिवाय दुसरं काही सुचत नसे.

मग झेपाने उरलेलं शेवटचं टरफल स्वतःच उचललं. त्याखाली सहा लाल गुंजा होत्या.

"हे आता खरे," ती म्हणाली, आणि एकेक गुंज चोचीने उचलून शांतपणे माळाच्या घरात ठेवली. साळिंदरांकडे एकही काटा उरला नव्हता.

सशांचे पंच टुणके आप्पा काठी टेकत पुढे आले. त्यांनी पटावर वाकून पाहिलं.

"म्हणजे मास्तर, आम्ही गेलो का?"

"पटावर, आप्पा. फक्त पटावर."

"पण पटावर हा आमचाच माळ आहे ना?"

मास्तर वहीत त्यावरचा नियम शोधू लागले. मुसंडीराव मात्र उठले.

"महाराज, हा डाव धरायचा नाही. शत्रूने लबाडी केली."

"शत्रू लबाडीच करतो, सेनापती," झेपा म्हणाली. "तुम्ही त्याला पत्र पाठवून नियम कळवणार आहात का?"

"डाव पुन्हा होईल," मुसंडीराव म्हणाले, "आणि किरकोळ सुधारणा करून होईल."

त्या किरकोळ सुधारणा अशा. वाळलेली पानं फक्त पावसाळ्यात उडतील. नेम चुकलेला काटा साळिंदराकडे आपोआप परत येईल. गरुडांनी कुठून येणार ते आदल्या खेपेला मोठ्याने सांगायचं. आणि गरुडांना फाशावर सहा पडले, तर ते दमले असं समजायचं.

"मी नाही खेळत," झेपा म्हणाली. "गरुडांकडूनही तुम्हीच खेळा."

तिने हे रागाने म्हटलं होतं. मुसंडीरावांना ती सूचना वाटली, आणि आवडली. ते दोन्हीकडून खेळले. डाव चांगला चुरशीचा झाला. एकदा तर सेनापतींनी सेनापतींना चांगलंच कोंडीत पकडलं. पण अखेर जंगल जिंकलं.

आता निकालपत्रावर मास्तरांच्या पंजाचा ठसा हवा होता. मुसंडीरावांनी त्यांना झाडाआड नेलं.

"मास्तर, तुम्हाला राजक्रीडाचार्य करतो. प्रत्येक पाणवठ्यावर एकेक आभाळपट बसवतो. सगळं जंगल तुमचा खेळ खेळेल. एका ठशाचा तर प्रश्न आहे."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे पाणवठे आले. प्रत्येक पाणवठ्यावर पट, भोवती गर्दी, फाशांचा खुळखुळाट. मुलांनो, माणसाला पैशाचा मोह पडतो, मानाचा पडतो. पण आपण काढलेला खेळ कोणीतरी खेळावा, हा मोह फार वाईट. मास्तरांनी पंजा चिखलात बुडवला आणि पानावर उमटवला.

झेपा वरच्या फांदीवरून बघत होती.

"फासा एकदा पडला की पडला," ती म्हणाली. "तुमच्या वहीतला पहिलाच नियम ना हा, मास्तर?"

"पहिला नाही, दुसरा," मास्तर खाली बघत म्हणाले.

झेपा उडाली आणि ओढ्यापलीकडच्या सावरीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

निकालपत्र मात्र सगळीकडे पोहोचलं. चंचला नावाची एक साळुंकी होती. तिच्या पोटात काही राहत नसे. तिने ते कड्यावर नेऊन उत्तुंगाबाईंना दाखवलं. त्या बाईंनी स्वारीचा दिवस ठरवून टाकला होता.

"बारा साळिंदरं, आणि चुकलेले काटे परत येतात?" त्यांनी दोनदा वाचलं. "राजाचा शिक्का आहे. मास्तराचा ठसा आहे." त्यांनी पंख मिटले. "स्वारी रद्द. यंदा सरडे खाऊ."

झालं. माळावर गरुडाची सावलीसुद्धा पडेना. ससे निर्धास्त चरू लागले. आणखी गोल झाले. पिल्लं माळाच्या मधोमध लोळू लागली. काटेकवचाचा जयजयकार झाला आणि साळिंदरं दिवसा झोपा काढू लागली.

एकटे मास्तर उदास होते.

पाणवठ्यांवर पट बसले होते, पण खेळ सुधारलेल्या नियमांचा होता. जंगलच जिंकायचं. गरुडांकडून बसायला कोणी तयार होईना. चिठ्ठ्या टाकाव्या लागत, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघे ती हरिणी आपल्याला शिंगं फुटली असं सांगून पळे. तिसऱ्या खेपेला दोघेही जांभया देत. शेवटी पटांवर फक्त पाली ऊन खात बसल्या.

एका दुपारी मास्तर जांभळाखाली एकटेच दोन्हीकडून खेळायला बसले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण जिंकतोय. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. त्यांनी वही काखेत मारली आणि ओढा ओलांडला.

सावरीच्या बुंध्याशी उभं राहून ते म्हणाले, "झेपा, मी चुकलो."

"कुठल्या नियमाने?" वरून आवाज आला.

"तो वहीत नाही."

झेपा दोन फांद्या खाली आली. मास्तर किती वाळलेत हे तिला दिसलं. तरी ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? माळावर मी चरत नाही. टुणके आप्पा चरतात."

"उद्या दरबारात सांगतो. तू येशील?"

"मी फांदीवर बसेन," झेपा म्हणाली. "जवळच्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर भर दरबारात उभे राहिले. चष्मा पुसला आणि म्हणाले, "महाराज, पहिला डाव खरा होता. दुसरा खोटा. मी खेळाच्या हौसेपायी खोटा ठसा दिला. वाळलेली पानं टाकली की काटेकवच रिकामं होतं. मला काय ती शिक्षा द्या."

मुसंडीरावांनी जमीन उकरली. दरबारी महाराजांचा चेहरा बघू लागले. आता मास्तरांचं काही खरं नाही, असंच सगळ्यांना वाटलं.

पण गवेराजांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

"शाबास, मास्तर!" ते म्हणाले. "असा एक खरं बोलणारा आमच्या राज्यात असावा, ही आमची फार जुनी इच्छा होती. आजपासून या राज्यात काहीही लपवायचं नाही. दवंडी द्या! काटेकवचाला भोक आहे, ते वाळलेल्या पानांनी पडतं आणि दुरुस्ती लवकरच सुरू होईल."

दरबाराने शेपट्या आपटल्या. मुसंडीरावांनी सगळ्यांत जोरात आपटली.

जवळच्या फांदीवरून झेपा ओरडली, "महाराज, आधी भोक बुजवा! दवंडी मग द्या!"

"सत्याला मुहूर्त लागत नाही, झेपाबाई," गवेराज गहिवरून म्हणाले.

सुतारपक्ष्यांनी चारी दिशांना दवंडी पिटली. चार दिशांत कड्याची दिशाही होती. दुरुस्तीसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष मुसंडीराव.

चौथ्या दिवशी सकाळी समितीची पहिली बैठक भरली. चहापान व्हायच्या आतच वडावरची वटवाघळं ओरडली. आभाळात काहीतरी होतं.

"फैर!" बैठकीतूनच मुसंडीराव ओरडले.

साळिंदरं दचकून उठली. काटे वर गेले. खाली आली ती वाळलेली पानं. सागाची, चांगली मोठाली. पुन्हा ओरड, पुन्हा फैर, पुन्हा पानं. चार फैरी झाल्या आणि साळिंदरं बोडकी झाली. मग पानांच्या मागून सहा गरुड आले. सगळ्यांत पुढे उत्तुंगाबाई.

टुणके आप्पा माळाच्या मधोमध होते. भोवती पिल्लं. काटेरी करवंदीच्या जाळ्या दोनशे उड्यांवर. तेवढं अंतर गरुडापुढे पळून कोणी पार करत नाही.

"बसून राहू नका! पळा!" झेपा ओरडली, आणि वर गेली.

ती सरळ उत्तुंगाबाईंच्या पाठीवर जाऊन आदळली. मानेवर चोच मारली, उडाली, पुन्हा मारली. एवढ्या मोठ्या पक्ष्याला एवढासा पक्षी हवेत वळून पकडता येईना. झेपाचा नवरा आला. दीर आला. नणंद तर झेपाशी वर्षभर बोलत नव्हती, तीही आली. नऊ कोतवाल पक्षी सहा गरुडांच्या डोळ्यांशी, मानेशी, शेपटांशी भिडले. खाली ससे पळत होते. मास्तर अंगाचा गोळा करून वाटेत पडले होते. त्यांच्या खवल्यांवर एका गरुडाचं नख आपटून मोडलं. पळणारं एक पिल्लू त्यांच्याआड लपलं, आणि मग तेही जाळीत शिरलं.

शेवटचे टुणके आप्पा जाळीत गेले तेव्हा झेपाच्या शेपटीचं एक पीस हवेत गिरक्या घेत खाली येत होतं. तिचा एक पंख लुळा पडला होता.

ससे सगळे वाचले. माळ मात्र गेला. त्यावर गरुड बसले ते बसलेच.

आठ दिवसांनी चौकशी झाली. ती मुसंडीरावांनी केली, कारण त्यांना घटनेची सगळ्यांत जास्त माहिती होती.

"आम्हाला झेपाबाईने वाचवलं," टुणके आप्पांनी साक्ष दिली.

"तुम्ही शेवटी लपलात कुठे?" मुसंडीरावांनी विचारलं.

"करवंदीच्या जाळीत."

"तिला काय असतात?"

"काटे."

"लिहून घ्या," मुसंडीराव म्हणाले. "ससे काट्यांमुळे वाचले."

मग ते मास्तरांकडे वळले. "मास्तर, मी तुम्हाला एकच विचारतो. माझं निकालपत्र चालू होतं तोवर एक तरी गरुड या जंगलात आला होता का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. झेपाकडे पाहिलं. झेपा पंख सांभाळत बसली होती. मास्तरांनी खूप आठवून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. कारण ते खरं होतं.

गवेराजांनी जड अंतःकरणाने निकाल दिला. खवलेमास्तरांची पदवी काढून घ्यावी. आभाळपट बंद करावा आणि पटाच्या दगडांचा घाट बांधावा. झेपाबाईंना विनापरवाना उड्डाणाबद्दल समज द्यावी. मुसंडीरावांना माळवीर हा किताब द्यावा. माळ नाही तर नाही, निदान नाव तरी राहील.

पाऊस संपता संपता झेपाचा पंख बरा झाला. एका दुपारी ती जांभळाखाली आली. दगड गेला होता. मास्तरांनी मातीत बोटाने नकाशा काढायला घेतला होता. ओढा झाला, वड झाला. माळाच्या जागी त्यांनी गुंजा ठेवल्या होत्या, कारण आता तिथे गरुड होते. बाजूला नऊ काळे खडे होते.

"हे कोण?" झेपाने विचारलं.

"तुम्ही. कोतवालांची सोंगटी माझ्या पटावर नव्हतीच." मास्तरांनी पेन्सिल कानामागून काढली. "वहीत ताकद किती लिहू तुमची?"

"खरी असेल ती लिहा."

मास्तरांनी वही उघडली. मग आधी जांभळावर एखादा सुतारपक्षी बसला आहे का, ते नीट पाहून घेतलं.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. म्हणजे पुढे काही बिघडलं, तर दोष कोणाला द्यायचा हे मोठ्या माणसांना शोधत बसावं लागत नाही.